लहान शहर, भाड्याची खोली आणि चौथे शील



दोन वर्षांपूर्वी ७ नोव्हेंबरला माझ्या वर्गातील एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मी तिला दिले नाही. ते का दिले नाही, हे आज आपल्यापुढे मांडत आहे. हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर पाक्षिकाची पाने अडवली नसती. परंतु खेडे सोडून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी येऊन राहिलेल्या आपल्यातील हजारो नोकरदारांचा तो प्रश्न आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मी साताऱ्यात शिक्षक आहे. याच शहरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव सरकारी हायस्कुलात दाखल झाले. तीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मी मुलांना मसूरची हकिकत सांगतो. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात नोकरीला. भिवा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणी आले नव्हते. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर मायेने चौकशी करू लागला. तुम्ही कोण, असे त्याने विचारताच भिवाने खरे ते सांगून टाकले. त्यासरशी मास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर गाडी मिळाली. रात्री जवळ भाकरी होती, पाणी नव्हते. पुढे जकातनाका होता. तिथे पाणी हवे असेल तर मुसलमान आहोत म्हणून सांगा, असे गाडीवानाने सुचविले. भिवा नाकेदारापुढे उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाहीच.

हे सांगून झाल्यावर दुसऱ्या बाकावरची ती मुलगी उठली. म्हणाली, "सर, मसूरला ते खरं बोलले आणि नाक्यावर खोटं. दोन्हीकडे पाणी मिळालं नाही. मग बरोबर कुठे होते?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो." तो उद्या कित्येक महिने उगवला नाही. कारण त्या वेळी मी स्वतः साताऱ्यातल्या एका पेठेत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तिसराच मार्ग धरून राहत होतो. तो म्हणजे खरेही बोलायचे नाही आणि खोटेही बोलायचे नाही. गप्प राहायचे.

लहान शहरात राहणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या गौरवाला सरळ नकार दिला. त्या हाकेला ओ देऊन कोणी मुंबई गाठली, कोणी पुणे. माझ्यासारखे पुष्कळजण मात्र सातारा, लातूर, परभणी, अकोला अशा ठिकाणी थांबले. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीचे गाव मोठे विचित्र असते. खेड्यात तुम्हाला जात कोणी विचारत नाही, कारण ती सर्वांना ठाऊक असते. मुंबईत घर देताना विचारतात, पण एकदा दार लागले की शेजारी कोण राहतो याची फारशी फिकीर कोणी करत नाही. लहान शहर असे असते की जिथे जात लपविता येईल एवढी गर्दी असते आणि लपविलेली उघडी पडेल एवढी ओळखही असते. राजवाड्यावर भाजी घेताना भेटलेला माणूस संध्याकाळी पोवई नाक्यावर पुन्हा भेटतो आणि तिसऱ्या भेटीत विचारतो, "सर, मूळ गाव कुठलं म्हणायचं?"

यात नुसता वाईटपणा नाही, हेही सांगितले पाहिजे. किराणा दुकानदार पगार होईपर्यंत थांबतो. रात्री अपरात्री मूल तापले तर शेजारचा माणूस स्वतःची गाडी काढतो. शिक्षक म्हटले की एस.टी. स्टँडवर ओळखीचा पालक बसायला जागा करून देतो. ही माया खरी असते. गाव कोणते, आडनाव काय, हा प्रश्नही याच मायेच्या आवाजात येतो. म्हणूनच त्याला उत्तर देणे इतके कठीण जाते. काठी घेऊन विचारणाऱ्याला उत्तर देता येते. चहाचा कप पुढे करून विचारणाऱ्याला काय सांगावे?

माझ्या घरमालकांनी मला आधी चहाच दिला होता. मग गाव विचारले. मी माण तालुक्यातले गाव सांगितले. आडनाव विचारले, तेही सांगितले. माझे आडनाव आपल्यातही आहे आणि मराठा समाजातही आहे. ते मोकळे हसून म्हणाले, "मग काय, आपल्यातलेच की! आम्हाला माणसं बरी असली की झालं." मीही हसलो. वाचकहो, मी एक शब्दही खोटा बोललो नाही, नुसता हसलो. त्या एका हसण्यावर आम्ही तीन वर्षे त्या घरात राहिलो.

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत. मी साताऱ्यात शिकत असताना ते महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवीत आणि कसे जमवीत ते कधी सांगत नसत. शाळेजवळ घर, मुलीला चांगली शाळा, नळाला पाणी. त्या घरामुळे हे सारे जमत होते. एका हसण्याची एवढी किंमत काय मोठी, असे मी मनाला समजावीत होतो. पण मौनाचे भाडे एकदाच देऊन भागत नाही. ते महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते आणि दर महिन्याला वाढत जाते.

पहिल्यांदा बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेला. मग पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरे चढली. मग वंदना हळू आवाजात होऊ लागली. त्यानंतर एके दिवशी गावाकडून माझे चुलते आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. माणातून एस.टी. दोन-अडीच तासांत साताऱ्याला येते. मुंबईला आमच्याकडे कोणी आले नसते, साताऱ्याला सगळे येतात. तात्यांनी अंगणात उभे राहून, डोक्यावरची निळी टोपी सावरीत, वर पाहून मोठ्याने हाक दिली, "जय भीम, मास्तर!" घरमालकीण बाई तुळशीपाशी उभ्या होत्या. मी कठड्यावरून म्हणालो, "या, या तात्या, वर या." तात्या वर आले. पाणी प्यायले. थोड्या वेळाने इतकेच म्हणाले, "जय भीमला जय भीम म्हणायचं असतं, एवढं तरी मास्तरला ठाऊक असंल असं वाटलं हुतं." ते मुक्कामाला आले होते, पण संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

तरी मी शहाणा झालो नाही. पुढच्या १४ एप्रिलला आम्ही पांढरे कपडे पिशवीत घालून बाहेर पडलो. बाईंनी जिन्यात विचारले, तेव्हा मी म्हणालो, "लग्नाला चाललोय." तीन वर्षांत स्पष्ट शब्दांत सांगितलेले ते माझे पहिले खोटे. इतके सहज निघाले की ते खोटे आहे हेही मला जाणवले नाही. रात्री परत आलो. मी सायकल लावेपर्यंत मुलगी पुढे गेली होती. ती तेव्हा तिसरीत होती. बाईंचा तिच्यावर फार जीव. माझी पत्नी तापाने पंधरा दिवस पडून होती तेव्हा याच बाईंनी मुलीची रोज वेणी घातली होती आणि खालून मुगाची खिचडी पाठविली होती. त्या विचारीत होत्या, "झालं का गं लग्न? काय काय होतं?" आणि माझी मुलगी सांगत होती, "छान झालं काकू. नवरीची साडी हिरवी होती. जेवायला मसालेभात होता आणि जिलेबी."

ती कुठेही अडखळली नाही. तिला तसे सांगायला कोणी शिकविलेही नव्हते. वर आल्यावर मी विचारले, "साडी हिरवी होती हे कुठून काढलंस?" ती म्हणाली, "लग्न म्हटल्यावर साडी पाहिजेच ना, बाबा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तथागतांनी आपल्या पुत्राला, राहुलाला, केलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. भांड्यात तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्यांनी त्याला समजाविले की, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य एवढेसेच उरलेले असते. मग ते पाणी त्यांनी ओतून दिले, भांडे उपडे केले, रिकामे दाखविले. या उपदेशात तथागतांनी बोट ठेवले आहे ते लाजेवर. माणूस कधी अडचणीत खोटे बोलतो, पण तेव्हा त्याची जीभ अडखळते. ते अडखळणे म्हणजे भांड्यात उरलेले पाणी. माझी मुलगी अडखळली नव्हती. तिचे भांडे मी रिकामे केले होते, आणि तेही तोंडाने काही न बोलता.

आता येथे सुज्ञ वाचक हरकत घेतील. ते म्हणतील, "मास्तर, जात विचारणारा गुन्हेगार की न सांगणारा? ज्याला विचारण्याचा हक्कच नाही, त्याला खरे सांगण्याचे ऋण आपल्यावर कोणी लादले? आणि शील पाळण्याचा भार नेहमी आपणच का वाहायचा?" ही हरकत बिनतोड आहे. तिच्यापुढे मी कित्येक दिवस निरुत्तर होतो.

विचारांती मला जे दिसले ते असे. पहिली गोष्ट, न विचारण्याजोगा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालेच पाहिजे असे धम्म सांगत नाही. वाणी सत्य असावी, हितकारक असावी आणि योग्य वेळी असावी, असे तथागतांनी अभय राजकुमाराला समजावून दिले आहे. प्रत्येक सत्य प्रत्येकाच्या हाती देण्याचे बंधन नाही. परक्या शहरात शिकायला आलेली एखादी एकटी मुलगी खोलीसाठी गप्प राहिली, तर तिच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तिची सुरक्षितता हेही हितच आहे.

परंतु दुसरी गोष्ट अशी की, मौन आणि होकार यांत फरक आहे. कोणी "आपल्यातलेच की" म्हणतो आणि आपण हसतो, तेव्हा आपण गप्प राहिलेले नसतो. आपण त्याच्या चुकीच्या समजुतीवर सही केलेली असते. मग ती समजूत टिकविण्यासाठी फोटो हलवावा लागतो, तात्याला परतवावे लागते, आणि शेवटी पोरीला खोटे लग्न लावावे लागते. लहान शहरात हे अटळ आहे. मोठ्या शहरात माणूस एकदा गप्प राहिला की विषय संपतो. इथे रोज नवा साक्षीदार भेटतो आणि रोज नवी सही करावी लागते.

तिसरी गोष्ट भाराची. शील हा घरमालकावर केलेला उपकार नव्हे. त्याने जात विचारली, हा त्याचा दोष, तो त्याच्या खाती. माझी मुलगी लाज न वाटता खोटे बोलायला शिकली, हे नुकसान मात्र त्याच्या घरात झाले नाही, माझ्या घरात झाले. चौथे शील मी पाळायचे ते त्याच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

दोन दिवसांनी मी खाली जाऊन घरमालकांना सांगितले, "आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही समजलात ते बरोबर नव्हतं आणि मी ते दुरुस्त केलं नाही, ही माझी चूक." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, आधी सांगायचं होतंत." पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा साताऱ्यात शिकायला येणार असल्याचे मला कळविण्यात आले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली आला. पण भाच्याविरुद्ध कोणत्या कलमाखाली तक्रार करायची? लहान शहरातला भेदभाव असाच मऊ असतो.

"आधी सांगायचं होतंत," या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. आधी सांगितले असते तर खोली मिळाली नसती. नंतर सांगितले म्हणून मी फसविणारा ठरलो. दोन्हीकडून दोर त्यांच्याच हातात. तरीही त्या वाक्यात रतीभर खरेपणा आहे, तो मी नाकारत नाही. तीन वर्षांत त्या माणसाला चांगले वागून दाखविण्याची किंवा वाईट वागून उघडे पडण्याची संधी मी दिली नव्हती. निघण्याच्या दिवशी सकाळी बाईंनी मुलीची वेणी घातली, नेहमीसारखी घट्ट. माझ्याकडे मात्र पाहिले नाही. त्यांना राग कशाचा आला, माझ्या जातीचा की माझ्या लपविण्याचा, हे मला आजही उमगलेले नाही. मी आधीच सांगितले असते तर निदान ही शंका उरली नसती.

मी काय मिळविले, असे कोणी विचारील. सध्याची खोली शाळेपासून लांब आहे, भाडे जास्त आहे, पाणी एक दिवसाआड येते. वेणी घालणारी काकू नाही. विजयाची कथा सांगायला मी बसलेलो नाही.

पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आणि नंतर मी ते वर्गात दिलेही. मसूरची आणि जकातनाक्याची हकिकत आपल्याला कशी कळली? स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली म्हणून. आपण नाक्यावर कोण म्हणून बोललो, १९१७ साली बडोद्याला पारशी धर्मशाळेत पारशी नावाने कसे राहिलो, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी कसे बाहेर काढले, हे त्यांनी काहीही न झाकता लिहिले. तहानलेल्या लहान मुलाच्या तोंडून खोटे वदवून घेणाऱ्या समाजाचे पाप फार मोठे आहे. ते आधी सांगितले पाहिजे. परंतु त्या मुलाने मोठेपणी ते खोटे पाठीशी घातले नाही. भांड्यातले पाणी त्याने राखले. म्हणून मी मुलांना सांगितले, "पाणी कुठेच मिळालं नाही हे खरं. पण बरोबर ते तिथं होते, जिथं त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं."

आणखी एक. मसूरच्या फलाटावर त्या मुलाजवळ द्यायला एकच उत्तर होते आणि ते त्याला दुसऱ्यांनी दिलेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्याजवळ आपण स्वतः निवडलेले उत्तर आहे. कोणी म्हणेल, लहान शहरात बौद्ध म्हटले तरी ऐकणारा मनात जातच ओळखतो. ओळखू दे. त्याने काय ऐकावे हे आपल्या हाती नाही, आपण काय सांगावे हे आहे. कुठे जन्मलो हे न सांगता कसे जगायचे ठरविले आहे ते सांगणे, हेच त्या उत्तराचे सामर्थ्य. मात्र ते उत्तर कपाटात ठेवले तर धर्मांतर कपाटातच राहील. आणि आम्ही सज्जन आहोत, दारू पीत नाही, म्हणून घर द्या, अशी विनवणीही नको. घर मिळण्यासाठी सज्जनपणाचे प्रमाणपत्र दुसऱ्या कोणाकडे मागत नाहीत.

शेवटी थोडे आपल्या घराकडे पाहू. आता आपल्यातीलही अनेकांनी लहान शहरांत बंगले बांधले आहेत, वरचा मजला भाड्याने देतात. त्या पायरीवर एखादा मातंग, चर्मकार, मुसलमान किंवा पारधी बांधव आला, तर आपण चहा देऊन काय विचारतो? गाव कोणते? आडनाव काय? हा प्रश्न आपल्याही जिभेवर येत असेल, तर मसूरचा स्टेशनमास्तर आपल्या घरी राहायला आला आहे, असे समजावे. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात राहायला, एका पंगतीत जेवायला बसविले. शंभर वर्षे झाली. जे तेव्हा पोरांना जमले ते आज आपल्याला का जमू नये?

गेल्या महिन्यात तात्या आले. नवी खोली गल्लीच्या टोकाला आहे, त्यांना सापडेना. त्यांनी गल्लीतूनच हाक दिली. मी उत्तर देण्याच्या आधी माझी मुलगी दारात धावली आणि मोठ्याने म्हणाली, "जय भीम, आजोबा!" समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. उघडू द्याव्यात. वाचक बंधूंनो, तुमच्याही शहरात, तुमच्याही जिन्यात अशी हाक येईल तेव्हा कोणाच्या दाराकडे पाहू नका. आधी उत्तर द्या.